आईसाहेबांचा अर्धा चेहरा

"थुंकी आटली की चिंच आठवायची," कर्णिकबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "पाणी प्यायला उठायचं नाही. उठलं की हात थांबतो आणि हात थांबला की तिथे कड दिसते."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी बांबूच्या काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला, देवाच्या वातीसारखा वळला, ओठांत धरून ओला केला आणि टेबलावर आडव्या ठेवलेल्या तैलचित्राच्या कोपऱ्यावर हलकेच गोल गोल फिरवला. काडी उचलली तेव्हा कापूस काळाकुट्ट झाला होता आणि चित्रात नखाएवढा निळा पदर उघडला होता.

"दिल्लीहून औषधं येतात, ती कपाटात असतात," बाई म्हणाल्या. "पण धुरावर याच्याइतकं सौम्य दुसरं काही नाही. कोरड्या कापसाने टिपायचं, मग पाण्याचा नुसता हात फिरवलेल्या वातीने पुसायचं. पाणी किती? दवाइतकं. रंगाला भेगा आहेत, त्यातून पाणी आत गेलं की खपल्या उचलतात. कळलं?"

"कळलं."

"मग चूळ भरून ये आणि बस."

त्या वर्षी मी बडोद्याला चित्रकला आणि कलेचा इतिहास शिकत होते. शेवटच्या उन्हाळ्यात प्रत्येकाने कुठल्यातरी संग्रहालयात उमेदवारी करायची, असा नियम होता. आता मुलं इंटर्नशिप म्हणतात, तेव्हा आम्ही उमेदवारीच म्हणायचो. मोठ्या शहरांतल्या जागा ज्यांच्या ओळखी होत्या त्यांनी घेतल्या. माझ्या वाट्याला आलं ते दक्षिणेकडच्या एका विलीन झालेल्या संस्थानातलं लहानसं संग्रहालय. दोन दालनं, पेंढा भरलेला एक बिबट्या, तलवारी, आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या छताची खोली. त्या खोलीला सगळे प्रयोगशाळा म्हणत. उन्हाळ्यात दुपारी पत्रा तापला की आतला कापूससुद्धा गरम लागायचा.

कर्णिकबाई तिथे एकट्या होत्या. दिल्लीला रीतसर शिकून आल्या होत्या, पण त्यांची जागा कधी कायम झाली नव्हती. दर वर्षी मुदत वाढायची. पन्नाशीच्या होत्या, विधवा होत्या, आणि मी त्यांना कधीही पाठ ताठ करून बसलेलं पाहिलं नाही. टेबलावर वाकून वाकून ती तशीच राहिली होती.

आमच्यासमोर होतं ते चित्र राजघराण्यातल्या आईसाहेबांचं. त्यांच्या हयातीत कुणा फिरत्या चित्रकाराने काढलेलं. त्या वारल्यावर चित्राची पूजा सुरू झाली. दर अमावास्येला निरांजन, धूप, कापूर. साठ-सत्तर वर्षांचा धूर त्या चेहऱ्यावर बसला होता. कपाळावरचं कुंकू तेवढं ओळखू यायचं, कारण ते दर वेळी नव्याने लावत. बाकी सगळं रात्रीच्या विहिरीसारखं.

"घराण्याकडे अशी चाळीसेक चित्रं आहेत," आमचे क्युरेटर घारपुरेसाहेब म्हणाले होते. "हे एक त्यांनी परीक्षा म्हणून दिलंय. मनासारखं झालं तर सगळा संग्रह आपल्याला देणार. संग्रह आला की सरकार जागा मंजूर करील. कर्णिकबाई कायम, आणि त्यांच्या हाताखाली एक सहायक." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. "सहायक कोण, ते मला शोधावं लागणार नाही असं दिसतंय."

माझ्या डोळ्यांपुढे त्या दिवसापासून दुसरं काही नव्हतं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कराडला शिवणकामाचं दुकान होतं. तिथल्या मुलींच्या शाळेत ड्रॉइंगच्या शिक्षिकेची जागा निघाली होती आणि मुख्याध्यापिकाबाईंनी ती माझ्यासाठी जूनपर्यंत धरून ठेवली होती. अण्णा सुट्टीत एकदा भेटायला आले तेव्हा बाकावर बसून म्हणाले, "रत्ना, त्या बाई माझ्याकडूनच ब्लाउज शिवतात. दर वेळी विचारतात. मी काय सांगू?"

"थोडं थांबा म्हणावं."

"इथे करतेस काय नक्की?"

मी त्यांना सांगितलं. अण्णा बराच वेळ हसले. मग म्हणाले, "म्हणजे आपलंच काम. मीसुद्धा दिवसभर दोऱ्याला थुंकीच लावतो. पण कुणाला सांगत नाही."

ते हसणं सोडलं तर त्या उन्हाळ्यात हसण्यासारखं फारसं काही झालं नाही. सकाळी साखरेशिवाय कोरा चहा, तोही लवकर. कांदा नाही, सुपारी नाही. चूळ भरायची आणि बसायचं. संध्याकाळपर्यंत जीभ टाळूला चिकटायची, जबडा दुखायचा, मनगटात कळ यायची. दिवसाकाठी रुपयाच्या नाण्याएवढी जागा उघडली तर पुष्कळ. रात्री डोळे मिटले तरी ते गोल गोल फिरणं चालूच राहायचं. चिंच आठवून आठवून चिंचेचाही कंटाळा आला.

पण चेहरा उघडत होता. बाईंनी तो मला दिला होता. "माझी नजर आता इतक्या बारीक कामाला पुरत नाही," म्हणाल्या. मी डाव्या बाजूने सुरुवात केली. कान, कानातली कुडी, गाल, मग डोळा. काळसर काजळीतून तो डोळा वर आला त्या दुपारी मी काडी खाली ठेवली आणि बाईंना हाक मारली. त्या आल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "थांबू नकोस. कड दिसेल."

हनुवटीपाशी पोचले तेव्हा तिथे तीन हिरवे ठिपके दिसले. गोंदण. चित्रकाराने फार जपून घातलं होतं.

आक्कासाहेब आल्या तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू पूर्ण झाली होती. आक्कासाहेब म्हणजे घराण्यातल्या सर्वांत वडील बाई, चित्रातल्या आईसाहेबांची नातसून. संग्रह द्यायचा की नाही हे त्यांच्याच शब्दावर होतं. ऐंशीच्या पुढे वय, पांढरं लुगडं, हातात काठी. बरोबर कारभारी निंबाळकर. ते त्यांच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून कुठेही जात.

टेबलापाशी खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. वाकल्या. चित्राला न लावता बोट गालावरून हनुवटीपर्यंत नेलं.

"गोंदण," शेवटी म्हणाल्या. "मी लहान वयात या घरात आले. आईसाहेबांच्या मांडीवर बसून या ठिपक्यांना हात लावायची. सुनांना सांगितलं तर म्हणतात, आक्कांना भास होतात." मग माझ्याकडे वळल्या. "तू केलंस का गं पोरी?"

"हो. बाईंनी शिकवलं."

"काय औषध लावतेस?"

मी तोंड उघडायच्या आत घारपुरेसाहेब पुढे झाले. "खास द्रावण आहे, आक्कासाहेब. दिल्लीहून मागवतो."

कर्णिकबाई वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मीही गप्प राहिले. पूजेतलं चित्र, त्यावर शिंप्याच्या मुलीचं उष्टं. साहेबांनी जे केलं ते मला त्या क्षणी शहाणपणाचंच वाटलं.

"मग त्यातली एक बाटली आम्हाला द्या," आक्कासाहेब म्हणाल्या.

साहेबांना ठसका लागला. "आपल्याला कशाला त्रास? आम्हीच इथे..."

"अर्ध्या चेहऱ्याला तुम्हाला सारा उन्हाळा लागला. चाळीस चित्रं कधी व्हायची? मी काय तोवर जगते? घरात बाया आहेत, बसून असतात. पुसतील. मग सगळं स्वच्छ करूनच तुम्हाला पाठवते." त्या खूश होत्या. काठी टेकत दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या. "उद्या या पोरीच्याच हाती पाठवा. कसं लावायचं ते दाखवील."

त्या गेल्यावर साहेबांनी दार लावून घेतलं.

"कर्णिकबाई, एक बाटली भरा," साहेब म्हणाले. "पाणी भरा. थोडं गुलाबपाणी टाका, वास हवा."

"साहेब, पाणी त्या चित्रांवर..."

"बाई, त्या विसरतील. मोठ्या लोकांकडे बाटल्या कपाटात जातात. आपल्याकडे जात नाहीत का? संग्रह एकदा इथे येऊ दे." ते दमून खुर्चीत बसले. ते वाईट माणूस नव्हते. त्या दोन दालनांसाठी त्यांनी आयुष्यभर अर्ज केले होते. मग माझ्याकडे वळले. "खटावकर, तुम्ही जा. दोन शब्द बोला, नमस्कार करा, परत या. जागेचं मी बघतो."

बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली भरली. निळ्या काचेची, बुचाची. लेबल कोरं ठेवलं. माझ्या हातात देताना इतकंच म्हणाल्या, "विसरतील त्या."

"नाही विसरल्या तर?"

"रत्ना, मी फार वर्षं झाली मुदतवाढीवर जगतेय," बाई म्हणाल्या आणि पुन्हा वाती वळायला बसल्या.

घराण्याचा बंगला गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी होता. टांग्यातून जाताना बाटली मी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती. मनाशी वाक्यं जुळवत होते. थोडंसंच लावा, हलक्या हाताने, वर्षातून एखादवेळी. असं काही सांगितलं म्हणजे फार बिघडणार नाही. मग जूनमध्ये मुख्याध्यापिकाबाईंना नाही कळवायचं, आणि जुलैत परत याच टांग्यातून स्टेशनावरून यायचं.

दिवाणखान्यात शिरले आणि ती वाक्यं गेलीच.

भिंती मोकळ्या झाल्या होत्या. सगळी चित्रं खाली काढून सतरंज्यांवर आडवी मांडली होती. जुनी लुगडी फाडून त्यांच्या चिंध्यांचा ढीग केला होता. परातींमध्ये पाणी होतं. पाच-सहा बाया पदर खोचून, गुडघे टेकून तयार बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "आलं बाई औषध. परातीत ओतायचं का ताई?"

माझ्या पायाशी एका लहान राजपुत्राचं चित्र होतं. हातात पोपट, अंगरख्यावर मोत्यांची नक्षी. रंगाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा होत्या. त्यावरून ओली चिंधी एकदा जरी फिरली असती तरी पोपट चिंधीबरोबर निघून आला असता.

"आक्कासाहेब," मी म्हणाले, "मला तुमच्याशी एकांतात बोलायचंय."

त्यांनी बायांना बाहेर पाठवलं. कारभारी दाराशी राहिले. ते नेहमीच राहत, त्यांना जा म्हणायचं कुणाला सुचतही नसे.

"हे पाणी आहे," मी म्हणाले. "हे लावू नका. एकही चित्र वाचणार नाही."

"मग औषध कुठाय?"

मी सांगितलं. कापूस, काडी, चूळ, सगळं सांगितलं. बोलताना माझी जीभ इतकी कोरडी पडली होती की शब्द अडकत होते.

आक्कासाहेब खुर्चीत बसल्या. काठी आडवी मांडीवर घेतली.

"कुणाची तू?"

"कराडच्या खटावकरांची. अण्णा शिंपी आहेत."

"थुंकी लावलीस. आईसाहेबांच्या तोंडाला."

"हो." मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "आमच्याकडे दोरासुद्धा थुंकी लावल्याशिवाय सुईत जात नाही आक्कासाहेब. तुमच्या अंगावरच्या चोळीचासुद्धा."

दाराशी कारभारी खाकरले. आक्कासाहेबांनी स्वतःच्या चोळीच्या बाहीकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं, मला वाटतं हसूच असावं.

"न्हाऊमाखू घालून झालं, की आईसाहेब माझं तोंड पुसायच्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काजळ उतरलेलं असायचं. पदराचं टोक जिभेला लावायच्या आणि पुसायच्या. मी अशी मान फिरवायची." त्यांनी मान फिरवून दाखवली. "आपण दोघीच असतो ना, तर तुला सांगितलं असतं, दुसरा गालही पूर्ण कर."

मी दाराकडे पाहिलं.

"कारभाऱ्यांनी ऐकलंय. संध्याकाळी उपाध्ये ऐकतील, उद्या सुना ऐकतील. आता मी ऐकलंच नाही असं मला करता येत नाही," त्या म्हणाल्या. "चित्र परत पाठवा. आहे तसं. बाकीच्या चित्रांना कुणाला हात लावू देणार नाही मी, ते तुझं ऐकते. पण संग्रह यायचा नाही आता तिकडे."

बाटली मी तशीच परत आणली.

घारपुरेसाहेबांनी आवाज चढवला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत राहिले. "चिंध्या तयार होत्या म्हणता. मग तुम्ही दुसरं काय करणार." थोड्या वेळाने म्हणाले, "कराडच्या शाळेची जागा अजून आहे ना? ती घ्या."

प्रयोगशाळेत बाई आईसाहेबांचं चित्र मऊ कापडात बांधत होत्या. मी दुसरं टोक धरलं.

"बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "पण जायच्या आधी मला सांगायचं होतंस. मी आले असते तुझ्याबरोबर. दोघींनी सांगितलं असतं."

"जाताना मलाच माहीत नव्हतं, बाई."

"तेही खरंच."

पुढच्या वर्षी बाईंची मुदत वाढली नाही असं ऐकलं. मी पत्र पाठवलं होतं, ते परत आलं.

मी शाळेत रुजू झाले. सुरई, सफरचंद, मोराचं नक्षीकाम, ग्रेड परीक्षा. निवृत्त होईपर्यंत तेच केलं आणि बरं केलं. मुली चांगल्या होत्या. कधीतरी वर्गात रंगांच्या बश्या धुताना पाण्यात काळं उतरायचं, तेव्हा मनगट आपोआप गोल फिरायचं. उमेदवारीबद्दल मी कुणाशी बोलले नाही. सांगायचं तरी काय होतं.

गेल्या हिवाळ्यात ऋजुताचा फोन आला. ऋजुता माझी विद्यार्थिनी, आता कलेच्या इतिहासात एम. ए. करतेय.

"बाई, माझी इंटर्नशिप चालूय, एका जुन्या राजघराण्याच्या ट्रस्टकडे. बंगल्यातली चित्रं नोंदवतोय. सगळी नीट आहेत हो, नुसती मळलेली. पण एक विचित्र आहे. अर्धा चेहरा स्वच्छ आणि अर्धा काळा. अगदी नाकावरून रेघ. कुणी केलं असेल? आमच्या सरांनाही कळत नाहीये काय वापरलंय."

मी दुसऱ्या दिवशीची एस. टी. पकडली. वयाला शोभण्यासारखं नव्हतं ते. गुडघे दुखत होते, वाटेत दोनदा वाटलं, उतरावं आणि परत जावं.

ऋजुताने मला हाताला धरून मागच्या कोठीच्या खोलीत नेलं. तिथे भिंतीला टेकवून सगळी उभी होती. पोपटवाला राजपुत्रही होता, पोपट शाबूत होता. आणि खिडकीपाशी आईसाहेब.

मी बसायला काहीतरी मागितलं.

डावा गाल जसा ठेवून आले होते तसाच होता. कुडीतला मोती, डोळ्यातला पाण्याचा ठिपका, हनुवटीवरचं हिरवं गोंदण. जणू मी पाणी प्यायला म्हणून उठले होते. इतक्या वर्षांत तिथे पुन्हा धूर बसायला हवा होता.

"याची पूजा नाही का होत?" मी विचारलं.

"पूर्वी व्हायची म्हणे. मग बंदच झाली. इथला म्हातारा माळी सांगतो, चित्र बाटलं होतं. देवघराजवळून काढून या कोठीत आणून ठेवलं, तेव्हापासून कुणी दिवाच लावला नाही. पण एक म्हातारी बाई म्हणे रोज दुपारी येऊन समोर बसायची. असंच, काही न लावता." ऋजुता मोबाइलचा उजेड चित्रावर धरून जवळ गेली. "आम्हाला सरांनी उजव्या बाजूचा एक कोपरा उघडून बघायला सांगितलाय. चार द्रावणं दिलीत. कुठल्याने सुरुवात करू तेच कळत नाहीये. यातलं तुम्हाला काही कळतं का, बाई?"

टेबलावर बांबूच्या काड्या आणि कापूस होता. बाटल्यांवर आता लेबलं होती. मी एक काडी घेतली, कापूस ओढला आणि वळायला लागले. बोटं ताठरलेली, पहिली वात वाकडी झाली. ती टाकून दुसरी घेतली. ऋजुता बघत राहिली.

"सकाळपासून काय खाल्लंयस?" मी विचारलं.

"पोहे. आणि चहा, आत्ताच. का हो?"

दुसरी वात चांगली झाली होती. मी ती उजेडात धरून पाहिली.

"चूळ भरून ये," मी म्हणाले.